लेक, लायसन्स आणि रॉबिन्सन क्रूसो

पँटोमाइम हा शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला तो २०२४च्या जूनमध्ये, लेकीच्या डान्स क्लासच्या दारात. तोवर मला वाटायचं की हे मूकनाट्य असणार. प्रत्यक्षात ते गाण्या-नाचाचं विनोदी नाटक निघालं, त्यात कोणी एक मिनिट गप्प बसत नाही, प्रेक्षकसुद्धा नाही. ख्रिसमसच्या आसपास इंग्लंडमधल्या जवळपास प्रत्येक शहरात हे नाटक लागतं आणि आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळांपर्यंत सगळं घर ते बघायला जातं. इथे सगळे त्याला पँटोच म्हणतात.

क्लासच्या बाईंनी सांगितलं, शहरातल्या मोठ्या थिएटरला यंदाच्या पँटोसाठी नऊ ते चौदा वयाची मुलं हवी आहेत, ऑडिशन रविवारी २३ जूनला, फी नाही. नाटक ‘रॉबिन्सन क्रूसो’. लेकीला मे महिन्यात नऊ वर्षं पूर्ण झाली होती. तिनं माझा हातच सोडला नाही. आम्हाला इकडे येऊन तीन वर्षं झाली होती. ऑडिशन, परवाना, शॅपरोन (थिएटरमध्ये मुलांना सांभाळणारी व्यक्ती) यांतलं काहीही ठाऊक नव्हतं. मराठीत शोधलं तर एका ओळीचीही माहिती मिळाली नाही. ज्यांच्या मुलांना उद्या अशी संधी येईल त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

ऑडिशनला शंभरावर मुलं होती. लेकीच्या छातीवर ८७ नंबर. दहा-दहा जणांचे गट करून अर्ध्या तासात एक नाच शिकवला, वाढदिवसाचं गाणं म्हणायला लावलं, मग ‘समोर समुद्री चाचा आलाय, घाबरा’ म्हणाले. पालकांना आत सोडत नाहीत. बाहेर एक फॉर्म भरायचा होता आणि त्यातला पहिलाच प्रश्न होता : डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात तुम्ही गावाला जाणार आहात का? ख्रिसमसच्या आदल्या दिवशी आणि २६ डिसेंबरलाही प्रयोग असतात. आमचा त्या वर्षी पुण्याला जायचा बेत होता. नवऱ्याला फोन केला, दोन मिनिटं दोघंही गप्प राहिलो, आणि मी ‘नाही’वर खूण केली. हा निर्णय ऑडिशनच्या आधीच घरी बोलून ठेवा, तिथे उभ्यानं घ्यायला लागू नये.

निकाल लागायला एकोणीस दिवस लागले. १२ जुलैला मेल आली : निवड झाली, ज्युनिअर एन्सेम्बल (म्हणजे मुलांचा ताफा), लाल टीम. बारा मुलांची लाल टीम आणि बारांची निळी. महिनाभरात ४८ प्रयोग, ते दोन टीमनी आलटून पालटून करायचे. लेक ओरडत बागेत पळाली. मी मात्र मेलच्या शेवटी जोडलेली सात पानं उघडून बसले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी थोडं वाचलं. ‘रॉबिन्सन क्रूसो’ ही डॅनिअल डिफोची कादंबरी १७१९ची, जहाज फुटून बेटावर अडकलेल्या माणसाची. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये १७८१ साली तिच्यावर पँटोमाइम झालं, ते शेरिडन या नाटककाराच्या नावावर आहे. म्हणजे या गोष्टीला रंगमंचावर अडीचशे वर्षं होत आली. त्यातून गोष्ट पार बदलून गेली आहे. पुस्तकातला क्रूसो बेटावर अठ्ठावीस वर्षं काढतो आणि त्यातली बहुतेक वर्षं एकटा असतो. पँटोमध्ये त्याची आईच बरोबर असते, शिवाय प्रेयसी, खलाशी आणि चाचे! मध्यंतराआधी तर बेट दिसतही नाही. पहिला अंक बंदरात आणि जहाजावर जातो.

मला खरी काळजी होती ती फ्रायडेची. पुस्तकात क्रूसो ज्याला वाचवतो त्याला त्याचं नावही विचारत नाही, शुक्रवारी भेटला म्हणून ‘फ्रायडे’ करून टाकतो आणि स्वतःला मालक म्हणायला शिकवतो. माझ्या सावळ्या मुलीला या नाटकात नक्की कुठे उभं करणार आहेत? १५ सप्टेंबरला पालकसभा होती. हात वर करताना माझा आवाज कापत होता, पण विचारलं. दिग्दर्शिकेनं शांतपणे सगळं सांगितलं. त्यांच्या नाटकात बेटावर राहणारी एक बाई आहे, तिला तारे आणि प्रवाह ठाऊक आहेत, सगळ्यांना घरी तीच पोचवते. ती स्वतःचं नाव सांगते. क्रूसो ते चुकीचं म्हणतो, आणि दर वेळी प्रेक्षकांतल्या मुलांनी ओरडून त्याला दुरुस्त करायचं. फ्रायडे हे नाव नाटकात येतच नाही. माझ्या लेकीचं नाव शाळेत पहिलं वर्षभर कोणी धड घेतलं नव्हतं, त्यामुळे हे ऐकून मला काय वाटलं ते इथे नाही लिहीत. एवढंच सांगते, मनात प्रश्न असेल तर विचारा. कोणाला राग येत नाही.

आता कागदपत्रं. हा भाग सावकाश वाचा, घाम इथेच फुटतो.

इंग्लंडमध्ये शाळकरी मुलाला असं काम करायचं असेल तर आपण राहतो तिथल्या कौन्सिलकडून, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडून, परवाना लागतो. १९६३चा कायदा आणि २०१४चे नियम यावर तो चालतो. (स्कॉटलंड, वेल्सचे नियम वेगळे आहेत.) अर्ज थिएटर करतं, आपण आपला भाग भरून सही करायची. फी शून्य. पहिल्या प्रयोगाच्या किमान २१ दिवस आधी अर्ज कौन्सिलकडे हवा; उशीर झाला तर ते नकार देऊ शकतात. काही संस्था प्रत्येक मुलाच्या परवान्याऐवजी सगळ्या गटाची एकत्र मान्यता घेतात, पण मग मुलांना मानधन देता येत नाही. आमचं थिएटर दर प्रयोगामागे दहा पौंड देणार होतं, म्हणून प्रत्येकाचा वेगळा परवाना.

लागलेले कागद असे : जन्माचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो, तब्येतीबद्दल पालकांचं लेखी निवेदन, थिएटरचा करार, प्रयोगांच्या तारखा आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र. जन्मदाखला काढून बघितला तर नावाचा रकाना कोरा! बारशाच्या आधी घाईनं काढलेला पुण्याचा दाखला, नंतर त्यावर नाव घालायचं राहूनच गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. भावाला फोन करून महापालिकेत जायला सांगणार होते. सकाळी कौन्सिलच्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, पासपोर्टच्या फोटोच्या पानाची प्रत चालेल. दोन मिनिटांत काम झालं. तेव्हा आधी फोन करा, मग रडा. आणि दाखल्यावर नाव घालून घ्या, ते माझंही अजून व्हायचं आहे.

शाळेच्या पत्रानं मात्र जीव काढला. शाळेच्या मुलांसाठी सकाळी साडेदहाचे प्रयोग असतात, त्यामुळे लेकीचे सहा दिवस बुडणार होते. थिएटरनं सगळे कागद १८ ऑक्टोबरपर्यंत मागितले होते. मी ३० सप्टेंबरला शाळेच्या ऑफिसात विनंती दिली. आठवडा गेला, उत्तर नाही. पुन्हा गेले तर ‘नाटकासाठी रजा आम्ही देत नाही’. मी सांगितलं, ही सहलीची रजा नाही, परवान्याचा भाग आहे, अभ्यास बुडणार नाही एवढंच तुम्ही लिहून द्यायचं आहे. मग पत्र कोणाच्या तरी टेबलावर पडून राहिलं, तेवढ्यात ऑक्टोबरची सुट्टी लागली. दिवाळी आली. फराळाचं करताना माझं लक्ष मेलकडे. शेवटी ५ नोव्हेंबरला पत्र हातात पडलं. थिएटरनं त्याच दुपारी अर्ज पुरा केला. पहिला प्रयोग ७ डिसेंबरला, म्हणजे २१ दिवसांची मर्यादा १६ तारखेला संपत होती. २२ नोव्हेंबरला परवाना आला. साधं दोन पानी पीडीएफ, पण मी ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं.

माझा सल्ला : शाळेत तोंडी सांगू नका. कौन्सिलच्या वेबसाइटवरच्या नियमांचं पान छापून, तारखांच्या तक्त्यासह, थेट मुख्याध्यापकांना द्या. वर्गशिक्षिकेला आधी विश्वासात घ्या. लेकीच्या बाईंनी बुडणाऱ्या सहा दिवसांचा अभ्यास आदल्या शुक्रवारीच बांधून दिला.

हे नियम सुरुवातीला जाच वाटतात, पण एकदा समजले की बरं वाटतं. नऊ आणि त्यावरच्या वयाच्या मुलाला दिवसात जास्तीत जास्त साडेनऊ तास थिएटरमध्ये ठेवता येतं आणि त्यात प्रत्यक्ष तालीम-प्रयोग पाच तासांचाच. पाच ते आठ वयाला आठ तास आणि त्यात तीन. नऊच्या वरचीच मुलं का घेतात ते यावरून कळलं. रात्री घरी सोडल्यापासून दुसऱ्या दिवशी बोलावण्यात बारा तासांचं अंतर लागतं. सलग सहा दिवसांच्या वर काम नाही. एका शॅपरोनकडे बारापेक्षा जास्त मुलं नाहीत, आणि शॅपरोन म्हणजे कौन्सिलनं पोलीस-तपासणी करून मान्यता दिलेली व्यक्ती. मी आई असून मला रंगमंचामागे प्रवेश नाही. स्टेज डोअरला वही असते : मूल आलं किती वाजता, गेलं किती वाजता, कोणाच्या ताब्यात दिलं, सही. न्यायला दुसरं कोणी येणार असेल तर नाव आधी कळवायचं. एकदा नवरा मला न सांगता वेळेआधी पोचला, त्याचं नाव यादीत होतं तरी त्यांनी मला फोन करून खात्री केली. तो थोडा चिडला, मला मात्र फार बरं वाटलं.

मुलांच्या तालमी ऑक्टोबरपासून दर रविवारी दहा ते तीन, एका चर्चच्या हॉलमध्ये. तो हॉल भयंकर गार. डबा, पाण्याची बाटली, जाड मोजे आणि प्रत्येक वस्तूवर नाव. डब्यात शेंगदाणे, काजू काही नाही, म्हणजे चटणी आणि लाडूही नाहीत. पोळी-भाजीचा रोल चालला. बूट आपले घ्यायचे : टॅपचे २८ पौंड, जॅझचे १४. मोठ्या नटांच्या तालमी १८ नोव्हेंबरला सुरू झाल्या. आपल्याकडे दोन-दोन महिने तालमी चालतात, इथे एवढं अवाढव्य नाटक अडीच आठवड्यांत उभं राहतं.

याच काळात लेक एकदा घरी नाटकाचा शेवट म्हणून दाखवत होती आणि एकदम थांबली. पँटोचा शेवट यमकात असतो आणि शेवटच्या दोन ओळी पहिल्या प्रयोगापर्यंत कोणी उच्चारायच्या नाहीत, अशी नटमंडळींची श्रद्धा आहे. तालमीतही तिथे आले की थांबतात. मी किती विचारलं, धाकट्यानं चॉकलेटचं आमिष दाखवलं. तिनं ओठ मिटले ते मिटलेच. ७ डिसेंबरपर्यंत त्या दोन ओळी आमच्या घरात आल्या नाहीत.

५ आणि ६ डिसेंबरला तांत्रिक तालीम. लेकीच्या गटाकडे जेलीफिशची छत्री होती : साधी पांढरी छत्री, तिला कडेनं पोपटी आणि गुलाबी फिती शिवलेल्या. फितींना गाठी पडत होत्या म्हणून एक छत्री दुरुस्तीला आमच्या घरी आली होती, मी रात्री जागून फिती सुट्या केल्या. घरच्या दिव्यात ती अगदी किरकोळ दिसत होती. पहिल्या प्रयोगाला मी तिकीट काढून बसले. पहिल्या अंकाच्या शेवटी वादळ झालं, सगळ्या रंगमंचाला पुरेल एवढं रेशमी कापड लाटांसारखं उसळलं, शिडाचं जहाज मधोमध दुभंगलं, आमच्या रांगेपर्यंत धुराचा वास आला. मध्यंतरानंतर पडदा वर गेला तेव्हा पूर्ण अंधार. अतिनील दिवे लागले आणि त्या अंधारात बारा जेलीफिश तरंगायला लागले. काळ्या कपड्यांतली मुलं दिसतच नव्हती. फक्त फिती, हळूहळू उघडणाऱ्या आणि मिटणाऱ्या. यांतली माझी कोणती ते मला कळलं नाही, आणि मी ते शोधणंही सोडून दिलं.

सासू-सासरे ११ डिसेंबरला आले. व्हिसाची फी प्रत्येकी ११५ पौंड, ती ऑक्टोबरातच भरली होती. १४ तारखेला शनिवारी आम्ही पाचही जण गेलो, चार मोठी तिकिटं साडेसत्तावीस पौंडांची, धाकट्याचं एकोणीस. सासरे नारायणगावच्या बाजूचे. इंग्रजी कामापुरतं येतं. मला धाकधूक होती की कंटाळतील. पहिल्या पाच मिनिटांत क्रूसोच्या आईचा प्रवेश झाला. एक सहा फुटी पुरुष, डोक्यावर होडी ठेवल्यासारखा केसांचा टोप, कमरेला घेर, आवाज पुरुषी तो पुरुषीच. इथे तिला डेम म्हणतात. सासरे पुढे झुकले आणि मला म्हणाले, “अगं, ही तर मावशी!”

आणि खरंच ती मावशी होती. तमाशात गवळणीत गौळणींबरोबर मथुरेच्या बाजाराला निघालेली, पुरुषानं केलेली, पेंद्याला आणि कृष्णाला सुनावणारी मावशी. बालगंधर्वांचा स्त्रीपार्ट वेगळा, तिथे बाई हुबेहूब दिसायला हवी. मावशीत आणि डेममध्ये पुरुष लपवायचाच नसतो, सगळी गंमत त्यात असते. ती पहिल्या रांगेतल्या एखाद्या गृहस्थाला पकडते आणि दोन तास त्याला सोडत नाही. सासऱ्यांना कोणी काही समजावून सांगावं लागलं नाही. खलनायक नेहमी नटांच्या डावीकडून, म्हणजे आपल्या उजवीकडून येतो आणि आला की हुर्यो करायची, हे त्यांनी दुसऱ्या प्रवेशात ओळखलं. मग डेमच्या मागे भूत आलं. अख्खं थिएटर ओरडत होतं, “ही इज बिहाइंड यू!” आणि माझ्या शेजारून, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाचा आवाज आला, “अगं मावशे, मागं बघ, मागं!”

मी त्या दिवशी रंगमंचापेक्षा त्यांच्याकडेच जास्त पाहिलं. बेटावरच्या बाईचं नाव अकराशे लोक मिळून बरोबर म्हणाले, तेव्हा तेही म्हणाले.

२१ डिसेंबरला रात्री लेकीला उलट्या सुरू झाल्या. हिवाळ्यात इथे हा पोटाचा विषाणू शाळाशाळांतून फिरतो. शेवटच्या उलटीनंतर ४८ तास घरी थांबायचं, हा नियम थिएटरनं आधीच लिहून दिला होता. शेवटची उलटी रविवारी सकाळी. म्हणजे रविवार-सोमवारचे तीन प्रयोग गेले. ती पलंगावर पडून घड्याळ बघायची आणि सांगायची, “आत्ता जेलीफिश.” मला लपवून पाठवायचा मोह झाला का? हो, सोमवारी दुपारी ती हसत-खेळत होती तेव्हा झाला. पण अकरा मुलं एका खोलीत कपडे बदलतात. नाही पाठवलं. शॅपरोननं सगळ्या टीमच्या सह्यांचं एक कार्ड पाठवलं, ते अजून फ्रिजवर आहे. २४ तारखेला दुपारी एकच्या प्रयोगाला ती परत उभी राहिली.

हिशेब लिहून ठेवते, मला आधी मिळाला असता तर बरं झालं असतं. लेकीचे २१ प्रयोग, मानधन २१० पौंड, ते तिच्या खात्यात. आमचा खर्च : बूट ४२, तिकिटं १२९ आणि माझं पहिल्या दिवसाचं वेगळं, पार्किंग साधारण १४०, पेट्रोल धरलं नाही. पार्किंग सर्वांत टोचतं. शेजारच्या दोन मुलांच्या पालकांशी पाळी लावून घ्या, आम्हाला हे दुसऱ्या आठवड्यात सुचलं. केसांच्या दोन वेण्या घरूनच घालून न्यायच्या, तेल अजिबात नको, टोपी घसरते. प्रयोगानंतर मूल रात्री अकरापर्यंत झोपत नाही हे गृहीत धरा. गरम दूध आणि शांतता. दुसऱ्या दिवशी शाळा असली तर सकाळी फार बोलू नका.

५ जानेवारीला रविवारी पाचचा शेवटचा प्रयोग लाल टीमचा होता. मी स्टेज डोअरला उभी. मुलं रडत बाहेर आली, डोळ्यांभोवती चमकी पसरलेली. शॅपरोननं वहीत वेळ लिहिली, ७.४०, मी सही केली. मागच्या गल्लीत दोन लांबलचक ट्रक लागलेच होते, नाटक त्याच रात्री उतरवतात. चार माणसं जहाजाचं टोक उचलून आणत होती. जवळून ते प्लायवूडचं होतं, मागच्या बाजूला खडूनं नंबर लिहिलेले. लेकीनं विचारलं, हे कुठे नेताय? एक जण म्हणाला, गोदामात, पुढच्या ख्रिसमसला दुसऱ्या कुठल्या तरी गावी. ती म्हणाली, डाव्या बाजूची दोरी सैल आहे, तिथल्या मुलांना सांगा. त्यानं जहाज खाली टेकवलं, दोरी बघितली, घट्ट बांधली आणि मग ट्रकवर चढवलं.